मुशीसकट वजन

“...मग हे भट्टीत जळत का नाही?”

धुनीशेजारी बसलेल्या चिमणनाथांनी विचारलं. समोर डॉ. हेडाऊ होते, धातुशास्त्रज्ञ. त्यांनी चिनीमातीच्या छोट्या मुशीत आपल्या नव्या मिश्रधातूचा तुकडा आणला होता. घरचं दुःख सांगायला आलेला माणूस सोबत नमुना आणतो, असं क्वचितच घडतं.

“लोखंडात ॲल्युमिनियम मिसळलंय, बाबा. तापलं की ते वर येतं, अंगावर पातळ साय धरतं. मग आग आत शिरत नाही. वर्षभर लाल केलं, थंड केलं, पुन्हा लाल केलं. वजनात गुंजभर फरक नाही.”

“बरं.”

“मीही असाच राहिलो. वर्षापूर्वी मुलगी वारली... तिसऱ्या दिवशी कामावर होतो. वनिता मात्र अजून रडते. उद्या मला सोडून कायमची माहेरी निघालीय. तिला जरा खंबीर व्हायला शिकवा.”

वनिता बाहेर पायरीवर बसली होती. तिला सगळं ऐकू जात होतं. हेडाऊंना त्याचं काही वाटलं नाही.

नाथांनी मूस उचलली आणि तळहातावर उपडी केली. तुकड्यामागून राखाडी पापुद्रे पडले.

“हे काय?”

“सायच ती. थंड होताना सुटते. लगेच नवी धरते.”

“वजनात हेही धरलंस?”

“वजन मुशीसकटच करतो आम्ही.”

“नवी साय येते कुठून?”

“आतून.”

“आतलं संपलं की?”



“मग लोखंड उघडं पडतं. त्यानंतर... फार टिकत नाही.”

धुनीतलं लाकूड खचलं. नाथांनी ते सारलं नाही.

“पोरीला काय आवडायचं रे?”

हेडाऊंनी तोंड उघडलं. तिचा रक्तगट आठवला. दवाखान्यातल्या खाटेचा नंबर आठवला. आवडायचं काय, ते आठवेना. त्यांनी पुन्हा आठवून पाहिलं. आत काहीच हाताला लागलं नाही, आणि वर्षभरात पहिल्यांदाच ते घाबरले.



“कैरी,” पायरीवरून वनिता म्हणाली. “तिखट-मीठ लावून. दात आंबेपर्यंत खायची.”

ती रडत होती. रडता रडता तिला किंचित हसूही आलं.

नाथांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते हेडाऊंकडेच पाहत होते.

“हिला मी काय शिकवू?”