झिजलेला दात

यंत्रांचं बोलणं माणसांना कळायचं, तेव्हाची ही गोष्ट. एका मळणी यंत्राच्या कणसं झोडणाऱ्या ड्रमवर एक झिजलेला दात होता. हंगामाआधी इलाही मिस्त्री अशा दातांवर वेल्डिंगने नवं लोखंड चढवायचा. त्या चटक्याच्या भीतीने हा दात अंगावर चिकटलेला भुश्शाचा थर घट्ट धरून ठेवायचा. मिस्त्रीला तो जाडजूड वाटायचा आणि दात वेल्डिंगमधून सुटायचा.

यंदा मळणी सुरू झाल्यावर धान्यात न झडलेली कणसं येऊ लागली.

"चाळणीच बिघडली," म्हणत मिस्त्रीने ड्रमखालच्या चाळणीवर हातोडी चालवली.

"मिस्त्री, कणसं झोडणं माझं काम नाही हो," चाळणी म्हणाली.

"पकडलेला प्रत्येकजण हेच म्हणतो. आता सुधारली नाहीस तर भंगारात जाशील."

प्रत्येक ठोका दाताला ऐकू येत होता. चाळणीचा एक कोपरा फाटला, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"मिस्त्री, तिला सोडा. माझ्यावरचा थर खरवडून बघा."

थराखालची झीज दिसताच मिस्त्रीने वेल्डिंग सुरू केलं. तो चटका दाताने निमूट सोसला.

"फार भाजलं का रे, दादा?" फाटक्या कोपऱ्याच्या चाळणीने विचारलं.

पुढे हंगामभर दात तिच्यावरून फिरत राहिला, पण खाली बघायची हिंमत त्याला झाली नाही.