बुटांसकट आलेले देश

दरबारात पायातलं काढूनच यायचं, खुद्द महाराजांनीसुद्धा, अशी त्या संस्थानची रीत होती. विलायतेहून परतलेल्या महाराजांनी भूगोलाच्या भार्गवमास्तरांना फर्मावलं, "नकाशावर पाश्चिमात्य देश लाल रंगवा. एक जरी चुकला, तर नोकरी गेली."

मास्तरांनी इंग्लंड, फ्रान्स रंगवले.

"ऑस्ट्रेलिया राहिला," महाराज म्हणाले.

"तो आपल्या पूर्वेला आहे, सरकार."

"तरी पाश्चिमात्यच."

"मग पश्चिमेचा मोरोक्को?"

"छे, तो कसा असेल?"

मास्तर दाराशी गेले, भालदाराशी दोन शब्द बोलले आणि परत येऊन भराभर रंगवत सुटले. महाराजांनी नकाशा तपासला. एकही चूक नव्हती.

"भालदाराला काय कळतं भूगोलातलं?"

"काही नाही, सरकार. कुठल्या देशाच्या पाहुण्यांना तो बुटांसकट आत सोडतो, एवढंच विचारलं."

महाराजांनी आपले अनवाणी पाय हळूच अंगरख्याखाली घेतले.