काचेवरचे दोन तुकडे

“मॅडम, सर्वात वरची श्रेणी लिहू ना? अतिजहाल?”

पॅथॉलॉजी शिकणाऱ्या तेजस सरनाईकने पेनाचं टोपण काढूनच विचारलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

डॉ. रेहाना मुल्लांनी चहाचा घोट घेतला. “कशावरून?”

“पेशींच्या अंगावरच्या खुणांवरून. सीडी-ट्वेंटी ठळक, सीडी-टेन ठळक. गाठीच्या तुकड्याच्या सगळ्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, दहा मिनिटांत.”

पेशींवरच्या खुणा रंगवून लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, किती माजलाय ते ठरवायचं, यात तेजसचा हात धरणारा कोणी नव्हता. निदान त्याचं तरी तसंच मत होतं.

बाहेर बाकावर मालन भोरे बसली होती. एस.टी.ची कंडक्टर, मानेत गाठ. तेजसने तसा अहवाल दिला, तर सोमवारपासून तिला जबर केमो सुरू होणार होती.

मॅडमनी एक काच उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“खिडकीपाशी जा. उजेडात धर.”

“नुसत्या डोळ्यांनी? त्यात काय दिसणार?”

मॅडमनी नुसतं खिडकीकडे बोट केलं.

तेजसने काच उन्हात धरली. काचेवर दोन ठिपके होते.

दोन!

रंग नीट चढला की नाही हे कळावं म्हणून प्रत्येक काचेवर निरोगी टॉन्सिलचा एक तुकडा लावतात. टॉन्सिलमध्ये पेशी भराभर वाढतातच, या खुणाही ठळक उठतात. मोठ्या भिंगाच्या नादात त्याने प्रत्येक काचेवर तोच पाहिला होता.

तो धावत सूक्ष्मदर्शकाशी गेला. मालनचा तुकडा त्याने पहिल्यांदाच पाहिला, लहान भिंगाखाली, सावकाश. निरनिराळ्या खुणांच्या पेशी गुण्यागोविंदाने नांदत होत्या. कॅन्सरमध्ये माजते तशी कुणा एकीची पिलावळ माजलेली नव्हती.

“मॅडम… हा कॅन्सरच नाही. साधी सूज आहे!”

मॅडमनी स्वतः सगळ्या काचा पाहिल्या. मान डोलावली. “जा, तूच सांग.”

ऐकून मालन आधी रडली, मग खदखदून हसली. बाकावरची माणसंही हसली. तेजसला इतका आनंद झाला की स्वतःची लाज वाटायचीही राहून गेली.

ती लाज परत येताना वाटेत वाटली. खोलीत आल्यावर त्याने हळूच विचारलं, “मॅडम, मी अतिजहाल ठरवला तो टॉन्सिल… कुणाचा होता?”

मॅडमनी बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवलं.

“माझा. शिकत होते तेव्हा काढला, मेणात जपून ठेवलाय… दरवर्षी एक तरी हुशार विद्यार्थी मला असाच मारतो. मारू दे. बाहेर बाकावरचे वाचतात.”