झाकणावरचा बत्ता

“…मग हॉटेलात कुरकुरीत होणारा केसाडिया घरी मऊ का पडतो, एवढंच सांगा ना उस्ताद.”

उस्ताद म्हणजे यासीन परकार. ते ओटीवर बसून सुकट निवडत होते.

“मैदा तोच, चीज तेच, मटण त्याच दुकानातलं. तवासुद्धा बदलून पाहिला.”

उस्तादांनी सुकटीतला एक शिंपला बाजूला टाकला.

विचारणारी विशाखा सोनकांबळे साधीसुधी बाई नव्हती. रत्नागिरीतल्या एका मोठ्या हॉटेलात आठ वर्षं शेफ म्हणून तिने काढली होती, आणि तिच्या हाताखालची माणसं तिच्या नजरेने कांदा चिरत. महिन्यापूर्वी तिने ती नोकरी सोडली. येत्या रविवारपासून ती स्वतःच्या घरून ऑर्डरी घेणार होती. फोनवर सांगायचं आणि दारात येऊन गरमागरम घेऊन जायचं. यादीत पहिलं नाव होतं केसाडियाचं: दुमडलेल्या मैद्याच्या पोळीत चीज, भाजलेली ढोबळी मिरची आणि मोठ्याचं मटण.

मोठ्याचं म्हणजे म्हशीचं. कायद्यात बसतं, खाटिकाकडे परवाना आहे. ज्यांना भुवया उंचावायच्या असतील त्यांनी आताच उंचावून घ्याव्यात.

तर हाच पदार्थ घरी तिला दाद देत नव्हता. रविवार तीन दिवसांवर आला होता.

उस्ताद चाळीस वर्षं जहाजावर भंडारी होते. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. मेक्सिकोच्या एका बंदरात त्यांचं जहाज दीड महिना अडकून पडलं, तेव्हा धक्क्यावरच्या एका बाईकडून ते केसाडिया शिकले. तिला यांची भाषा येत नव्हती, यांना तिची. तवा दोघांनाही येत होता. विशाखा हॉटेलात लागली तेव्हा हा केसाडिया त्यांनी तिला शिकवला, आणि तिने तो गाजवला.

“कसा करतंस, सांग बगू,” उस्ताद म्हणाले.

“तुम्हीच तर शिकवलाय.”

“माझा मला म्हायती हाय गो. तुझा सांग.”

विशाखाने सांगितलं. पोळ्या आधी लाटून ठेवते. खिमा मोठ्या आचेवर परतते, कांदा, लसूण, जिरं, लाल तिखट घालते, पाणी पार आटेपर्यंत. ढोबळी मिरची जाळावर धरते, काळी झाली की साल काढून चिरते. तवा कोरडा. पोळीच्या अर्ध्या भागावर चीज, त्यावर खिमा, मिरची, वर पुन्हा चीज, म्हणजे दोन्ही बाजू चिकटतात. दुमडते, उलथन्याने दाबते. मध्यम आचेवर दोन मिनिटं एका बाजूने, दोन मिनिटं दुसऱ्या बाजूने.

“एक रायलं,” उस्ताद म्हणाले.

“काहीही राहिलेलं नाही.”

“परत सांग.”

तिने परत सांगितलं. या वेळी मिठाची चिमूटही सोडली नाही.

“अजून रायलं.”

विशाखाचा पारा चढला. “उस्ताद, तुमचं वय झालंय. तुम्हालाच आठवत नसेल.”



बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण मागे घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता. “घरी चला,” ती म्हणाली. “तुमच्यासमोर करते. माझ्याकडून काही सांगायचं राहिलंय असं दिसलं, तर रविवारचा बेत सोडते. पुन्हा हॉटेलात जाऊन उभी राहते.”

“आणि नाय दिसलं तर?”

“तर शिकवण्यातच खोट होती, असं तुम्ही चारचौघांत म्हणायचं.”

उस्तादांनी सुकटीवर सूप पालथं घातलं आणि खुंटीवरची टोपी घेतली.

“चल.”

विशाखाचं घर नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. घेऊन आठ महिने झाले होते. दारातच भिंतीला टेकवून एक पाटी ठेवली होती, तोंड भिंतीकडे करून.

“ही का रुसून बसली हाय?”

“रविवारी लावणार आहे. विशाखाचं स्वयंपाकघर, असं लिहिलंय.”

उस्तादांनी पाटी सरळ केली नाही. ते आत गेले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले.

विशाखाने ओढणी कमरेला बांधली, खिडकी लावून घेतली आणि कामाला लागली.

तिचं काम बघत राहावं असंच होतं. खिमा कढईत पडला तसा सैल झाला. कांद्याचा रंग चुकला नाही. मिरची जाळावर फुटली, तडतडली, साल एका ओढीत निघालं. पोळी पातळ आणि काठापर्यंत सारखी. चीज तिने मोजून नाही, हाताने टाकलं, आणि दोन्ही थर सारखे पडले. दुमडलेला केसाडिया तव्यावर गेला.

मग तिच्या डाव्या हाताने मांडणीवरून एक जाड झाकण उचललं आणि तव्यावर ठेवलं. उजव्या हाताने खलबत्त्यातला पितळी बत्ता उचलला आणि झाकणावर आडवा ठेवला. तिची नजर त्या वेळी घड्याळावर होती.

“बघितलंत?” तिने हाताची घडी घातली. “काय राहिलं होतं?”

उस्ताद तव्याकडे बघत होते.

तिनेही बघितलं…

“ते होय? ते काही नाही. चीज वितळायला ठेवलंय.”

“हॉटेलात ठेवायचीस?”

“…नाही.”

“तिकडे चीज कसं वितळायचं?”

झाकणाच्या आत वाफेचं पाणी तव्यावर पडून चर्र होत होतं. दोघांनाही ते ऐकू येत होतं.

“दोनदा सांगितलंस मला,” उस्ताद म्हणाले. “मीठसुदा सांगितलंस. हे नाय सांगितलंस.”

“मला… माहीतच नव्हतं, मी ठेवते म्हणून.”

“कुणाकडनं शिकलीस?”

“आई ठेवायची.”

इथे विशाखाचा आवाज बदलला. हॉटेलातली शेफ कुठल्या कुठे गेली.

तिचं लहानपण उदगीरला गेलं, एका भाड्याच्या खोलीत. मालक वर राहायचा. रविवारी वडील मोठ्याचं मटण आणायचे, कापडी पिशवीत, वर मेथीची जुडी ठेवून. आई दार लावायची, खिडकीत गोधडी कोंबायची, पातेल्यावर झाकण आणि झाकणावर वरवंटा. विशाखाकडे उदबत्त्या पेटवायचं काम होतं. एका वेळी आठ-आठ पेटवायची. ती लहान असताना वासापायी त्यांच्या दोन खोल्या गेल्या होत्या. तिसरी जाऊ द्यायची नाही, हा आईचा पण होता.

“आणि गेली नाही,” विशाखा म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते, पण मान ताठ होती. “त्या झाकणामुळे आम्ही तिथे राहिलो. मी शाळा शिकले, कॉलेज शिकले. आईला नावं ठेवायची असतील तर उस्ताद, तुम्ही आत्ता उठून गेलात तरी चालेल.”

उस्ताद उठले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

“तुझ्या आयेच्या झाकणाला माझा सलाम,” ते म्हणाले.



“ती खोली कुणाची होती?” मग त्यांनी विचारलं.

“मालकाची.”

“आणि हे घर?”

“माझं.” हे मात्र तिने ठणकावून सांगितलं. “कर्ज माझ्या पगारावर काढलंय. कागदावर पहिलं नाव माझं आहे.”

“मग झाकण कुणाचं?”

तिने बत्ता बाजूला घेतला आणि झाकण उचललं. केसाडिया तव्यात पडला होता, वरून ओला, फिकट, कडेने सुटलेला. झाकणाच्या आतून अजून थेंब टपकत होते.

तिने गॅस बंद केला.

“हरले,” ती म्हणाली. “बोलल्याप्रमाणे रविवारचा बेत सोडते. उद्या हॉटेलात फोन करते.”

उस्तादांनी हात पुढे केला. तिला वाटलं, ते तिची समजूत घालणार. त्यांनी तिच्या हातातलं झाकण काढून घेतलं, खांद्यावरच्या फडक्याने पुसलं आणि आपल्या पुढ्यात ओट्यावर उलटं ठेवलं, परातीसारखं.

“मला भूक लागली हाय,” ते म्हणाले. “दुसरा टाक.”

विशाखा खिडकीशी गेली. आठ महिन्यांत स्वयंपाकाच्या वेळी ती खिडकी एकदाही उघडली नव्हती. मघाशी घट्ट लावलेली कडी अडली. तिने तळहाताने दोन दणके दिले. खिडकी उघडली आणि समोरच्या इमारतीतला रेडिओ सरळ घरात आला.

तिने तवा पुसला, तापवला, दुसरा केसाडिया भरला.

वास निघाला. जिऱ्याचा, भाजल्या मिरचीचा, मटणाचा. तो खिडकीतून गेला, दाराच्या फटीतून जिन्यात गेला, आणि बहुधा सगळ्या मजल्यांवर जाऊन आला.

तिचा डावा हात मांडणीकडे गेला. तिथे झाकण नव्हतं. थोड्या वेळाने हात पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा तिने स्वतःच तो पाठीमागे नेला आणि ओढणीच्या गाठीला धरून ठेवला.

दोन मिनिटांनी केसाडिया उलटला. वरची बाजू सोनेरी होती, फोड आलेली. आणखी दोन मिनिटांनी तिने तो उस्तादांसमोर उलट्या झाकणावर ठेवला आणि सुरी चालवली.

कर्र असा आवाज झाला. हॉटेलात व्हायचा तसाच.

उस्तादांनी एक तुकडा तिच्याकडे सरकवला. तिने खाल्ला. तिला रडू आलं, आणि तिने ते तिखटावर ढकललं नाही.

खाऊन झाल्यावर तिने हात धुतले. बाहेरच्या खोलीत गेली, खण उघडून खिळा शोधला. हातोडी काही सापडली नाही. ती परत आत आली, ओट्यावरचा बत्ता उचलला आणि दारात जाऊन उभी राहिली.

ठण्… ठण्… ठण्.

पाटी लागली. जरा तिरकी लागली. तिने ती तशीच राहू दिली.

आवाज आणि वास असे दोन्ही एकदम जिन्यात उतरल्यावर इमारत गप्प बसणं शक्यच नव्हतं. खाली कुठेतरी दार वाजलं. आणखी एक वाजलं.

“कुणाकडे काय चाललंय?” एका बाईचा आवाज आला.

“वरून येतोय वास. तिसऱ्या मजल्यावरून.”

“चला, बघू तरी.”

पायऱ्यांवर चपला वाजू लागल्या. एक जोड, दोन जोड… मग मोजता येईनात.

विशाखाचा चेहरा उतरला. ती सात वर्षांची झाली, उदगीरच्या खोलीत, हातात उदबत्त्या घेतलेली. तिने मागे वळून ओट्याकडे पाहिलं. झाकणावर वरवंटा नव्हता, तिच्याच केसाडियाचे उरलेले तुकडे होते, आणि खिडकी सताड उघडी होती.

तिने दाराच्या कडीला हात लावला. दार लोटलं असतं तर लागलं असतं.

तिने ते लोटलं नाही. बत्ता चपलांच्या मांडणीवर ठेवला, ओढणी झटकून नीट घेतली आणि आपल्या उंबऱ्यावर, आपल्या पाटीखाली, पाय रोवून उभी राहिली.

चपला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आल्या.

“उस्ताद,” तिने न वळता विचारलं, “वर येताहेत… काय सांगू त्यांना?”

उस्ताद आत ओट्याशी उभे होते. त्यांनी बाह्या वर केल्या आणि मैद्याचा एक गोळा पोळपाटावर घेतला.

“किती जण हायत ते बग, बाय… तेवढ्या लाटायला लागतील.”