हौसाचा कर्तबाचा कागद

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी तर कान देऊन ऐकावी. कारण यातली चूक करतात पोरं, पण शिकवतात ती थोरच.

त्या काळी एका राज्यात एक रीत होती. पोर सोळा वर्षांचं झालं, पंतोजींकडचं शिकणं संपलं, की त्यानं एक कागद लिहायचा. आजवर आपल्या हातून काय काय काम झालं, ते त्यात मांडायचं. त्याला म्हणत कर्तबाचा कागद. राजाचा कारभारी वर्षातून एकदा गावात येई, चावडीवर सगळ्यांदेखत एकेक कागद वाची आणि ज्याला त्याला काम नेमून देई. नेमलेलं काम तीन वर्षं सोडता येत नसे. कागदात नाही ते तोंडानं सांगितलं, तर कागदच खोटा धरून फाडून टाकत. आणि फाटक्या कागदाच्या पोराला मग कुणी दारात उभं करत नसे.

नदीकाठच्या एका गावात हौसा नावाची मुलगी होती. आई लहानपणीच गेलेली. बाप मध काढायला कड्यावर चढला, तो दोर तुटून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तेव्हा हौसा बारा वर्षांची होती. पुढं चार वर्षं तिनं बापाला सांभाळलं. पेज भरवली, अंग पुसलं, आणि दिवसातून दहा वेळा या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं. एका जागी पडून राहिलं की पाठ सोलवटते, जखमा होतात, आणि त्या जखमा माणसाला खातात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या महिन्यात अशी एक जखम झाली, ती भरून काढता काढता पोर स्वतःच शिकली. त्यानंतर बापाच्या पाठीवर ओरखडा उठला नाही.

आता कागद लिहायची वेळ आली. हौसा बोरू घेऊन बसली. सकाळची दुपार झाली तरी कागद कोराच.

"काय गं, शाई वाळली का?" बापानं अंथरुणातून विचारलं.

"काय लिहू आबा? माझ्या हातून काही झालंच नाही."

"आणि मला सांभाळलंस ते?"

"ते होय! ते घरचं काम. ते काय कुणी कागदात लिहितं? अख्खी चावडी फिदीफिदी हसेल मला."

बापानं मान भिंतीकडं वळवली. पोरीच्या कागदात मावण्याइतकीही आपली किंमत नाही, असं त्याला वाटलं असेल का? वाटलंच असेल. पण हौसानं वळून पाहिलं नाही.

गावात चिंचेखाली एक लेखनिक बसे. एक नारळ दिला की तो असा कागद लिहून देई, की ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारावेत. मजकूर त्याच्याकडे चारच. कुणी वाघ मारलेला, कुणी घोडा वश केलेला, कुणी पुरात नाव हाकलेली, कुणी एकट्यानं चोर धरलेले. तेच तो फिरवून फिरवून सगळ्यांना वाटी. त्या वर्षी कागद लिहिणारी पोरं होती चौदा आणि मेलेले वाघ पाच. त्या रानात वाघ होता तरी का, देव जाणे!

"तू पुरात नाव हाकलीस," लेखनिक हौसाला म्हणाला.

"अहो काका, मी नावेत बसलेय फक्त. तेही दोनदाच."

"बसलीस ना? मग झालं तर! कोण बघायला येतंय?"

हौसानं नारळ ठेवला आणि कागद घेतला. घरी जाताना तिला जरा बरंही वाटलं. आता आपण चारचौघांसारख्या दिसू, एवढंच तिच्या मनात होतं.

कारभारी आला. म्हातारा होता, चौदा कागद वाचता वाचता थकला. शेवटचा कागद खाली ठेवून म्हणाला, "वेशीबाहेर राजानं रुग्णशाळा बांधलीय. सात आजारी तिथं पडून आहेत. मला तिथं एक जाणतं माणूस हवंय. चौदा कागदांत आजाऱ्याच्या सेवेची एक ओळ नाही? तुमच्या घरांत कुणी आजारी पडतच नाही की काय?"

हौसानं चटकन वर पाहिलं. रुग्णशाळा घरापासून हाकेच्या अंतरावर! तिथं नेमणूक झाली तर आबाही डोळ्यांसमोर राहतील. शब्द ओठांवर आले. पण बोललं तर कागद फाटणार, पुराची नाव खोटी ठरणार आणि गाव हसणार. ती खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

कारभाऱ्यानं पोरांवरून नजर फिरवली. मग बोट दाखवून म्हणाला, "सुताराच्या थोरल्या, तू वाघाला भ्याला नाहीस, आजाऱ्याला काय भिशील? तू जा रुग्णशाळेत. आणि ही नाववाली पोरगी तीन दिवसांच्या वाटेवरच्या मोठ्या घाटावर जाईल."

झालं! घरी दुसरं कुणी नाही, म्हणून बापाला रुग्णशाळेत ठेवावं लागलं. निघताना हौसाच्या मनात आलं, सुताराच्या पोराला कूस वळवायचं सांगावं. मग वाटलं, एवढी साधी गोष्ट कुणाला सांगावी लागते होय? आणि ती गेली.

घाटावरच्या म्हाताऱ्या नावाड्यानं तिचा वल्ह्यावरचा हात पाहिला आणि काय ते ओळखलं. रागावला नाही. नावेत साचलेलं पाणी उपसायला तिला बसवलं. दोन महिने ती पाणी उपसत होती. एके दिवशी गावाकडचा एक माणूस नावेत बसला आणि म्हणाला, "तुझ्या बापाचं काही खरं नाही गं पोरी."

नेमणूक, कागद, सगळं टाकून हौसा चालत निघाली. तिसऱ्या दुपारी रुग्णशाळेत पोचली. बाप उताणा पडला होता. तिनं पाठीखाली हात घातला, तर सगळी पाठ सोलवटलेली, जखमांनी भरलेली.

सुताराचा पोर रडत होता. "मी रोज पोटभर जेवू घातलं. पांघरूण घातलं. त्यांना वळवायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं गं. विचारलं तर म्हणायचे, काही दुखत नाही."

"आबा, तुम्ही तरी का नाही सांगितलंत?"

बापाचा आवाज खोल गेला होता. "ज्याची तुला चावडीवर लाज वाटली, ते मी परक्या पोराकडं कोणत्या तोंडानं मागू?"

हौसानं त्याला कुशीवर वळवलं. जखमा धुतल्या, पाला वाटून लावला. जे येत होतं ते सगळं केलं. पण वेळ टळून गेली होती. चौथ्या दिवशी बाप गेला.

पुढच्या वर्षी कारभारी आला, आणि काम सोडून आली म्हणून त्यानं रीतीप्रमाणे तिचा कागद फाडला. तिनं मान वर केली नाही. उरलेल्या सात आजाऱ्यांना ती शेवटपर्यंत सांभाळत राहिली, नेमणुकीवाचून. लोक तिला चांगलं म्हणू लागले. पण कुणी तसं म्हटलं की ती उठून आत जाई.

म्हणून लहानथोरांनो, एवढं गाठीला बांधा: उसन्या पराक्रमापायी आपलं खरं काम हलकं मानू नये, त्या कामावाचून कुणीतरी आपलंच माणूस मरत असतं.