भिंगरीची आंघोळ

एका गावात एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहत असत. धुंडिराजपंत गणपुले हे त्यांचे नाव. गाव त्यांना गुरुजी म्हणे. पत्नी उमाबाईंना जाऊन तीन वर्षे झाली होती. एकुलती मुलगी सासरी, दूर नागपुरास. सकाळी देवघरात सहाणेवर चंदन उगाळल्याचा आवाज होई. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या सहाणेपर्यंत घर गप्प असे.

एका दिवाळीत मुलगी आली ती टोपलीत कुत्रीचे पिल्लू घेऊन. टेरियर जातीचे ते पिल्लू. उंचीने वीतभर, केस तारेसारखे राठ, आणि पाय एका जागी पळभरही न ठरणारे.

"बाबा, हिचं नाव भिंगरी. घरात कुणीतरी हवं."

गुरुजी कर्तव्याला कधी चुकले नव्हते. मात्र स्नान केल्यावाचून कोणीही घरात वावरायचे नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. तो त्यांनी भिंगरीलाही लावला. रोज पहाटे आपले स्नान आटोपले की ते तिला न्हाणीच्या दगडावर उभे करीत, शिकेकाईने चोळून न्हाऊ घालीत, कोरडे पुशीत आणि ओसरीवर साखळीने बांधून पूजेला बसत. दुपारी दूधभात वेळेवर. संध्याकाळी ताजे पाणी वेळेवर. बाहेर मात्र ते तिला नेत नसत. रस्त्यावरची धूळ लागली असती, आणि पुन्हा आंघोळ आली असती.

पहिले दोन महिने भिंगरीने ओसरीची जमीन उकरली, दाराची चौकट कुरतडली, साखळीच्या टोकापर्यंत शंभरदा धावून पाहिले. पुढे ती खाजवू लागली. केस झडले, कातडी लाल झाली. समोरच्या बायजाबाई एकदा उंबऱ्याशी थबकल्या.

"गुरुजी, रोज घासायला ती काय पातेलं हाय व्हय?"

"घरात राहायचं तर शुचिर्भूत राहिलं पाहिजे, बायजाबाई. माणूस असो की जनावर."

"तुमचं तुम्हाला ठावं. पर जनावर वाळाया लागलंय."

गुरुजी तिला तालुक्याच्या पशुवैद्यांकडे घेऊन गेले. वैद्यांनी तपासले आणि स्पष्ट सांगितले, "हिला रोग नाही. अंगावरचं तेल तुम्ही रोज धुऊन काढता, आणि अंगातली धाव रोज बांधून ठेवता. ही बिळातले उंदीर उकरून काढणाऱ्यांची जात. आंघोळ महिन्यातून एकदा पुरे. रोज दोन वेळा मोकळं पळवा. आणि हे मलम लावा."

गुरुजींनी मलम लावले. रोज, वेळेवर, आंघोळीनंतर. उरलेले दोन सल्ले त्यांना ऐकूच आले नव्हते. जे आपल्या नेमात बसत नाही, ते माणसाला सहसा ऐकू येत नाही.

हळूहळू भिंगरी शांत झाली. गुरुजींना वाटले, वळण लागले. परंतु आता घरात पुन्हा सहाणेचाच आवाज उरला होता. दूधभात तसाच राहू लागला. ओसरीवरच्या पाटावर पडलेल्या त्या जिवाकडे पाहताना गुरुजींना उमाबाईंचे शेवटचे आजारपण आठवे, आणि का आठवते ते उमगत नसे.

माघातल्या एका सकाळी साखळीची कडी तुटली. गुरुजी पूजेतून उठले तेव्हा ओसरी रिकामी होती. 'भूक लागली की येईल,' असे म्हणून त्यांनी दूधभात वाढून ठेवला. दुपार टळली. भातावर साय धरली. त्या रिकाम्या पाटाकडे पाहवेना, तेव्हा गुरुजी पायांत वहाणा घालून बाहेर पडले.

फार लांब जावे लागले नाही. बायजाबाईंच्या धान्याच्या कणगीमागून भुंकणे ऐकू येत होते. असा खणखणीत आवाज भिंगरीला आहे, हे गुरुजींना आजवर ठाऊक नव्हते. ती डोळ्यांपर्यंत मातीने माखली होती. समोर तीन उंदीर मरून पडले होते आणि चौथ्यासाठी ती बीळ उकरीत होती. शेपटी थरथरत होती.

बायजाबाई हसून म्हणाल्या, "साऱ्या हिवाळ्यात मांजराला जमलं न्हाई ते हिनं सकाळपासून केलं. राहू द्या हिला हितंच, गुरुजी. तुमच्याकडं आंघुळी हायती, हितं काम हाय."

गुरुजींनी हाक मारली, "भिंगरी!"

शेपटी थांबली. ती आली. धावत नाही, मान खाली घालून, एकेक पाऊल टाकीत आली. घरी पोहोचताच, कोणी न सांगता, ती थेट न्हाणीत गेली आणि दगडावर चढून उभी राहिली. डोळे मिटलेले. अंग आधीच कापत होते.

गुरुजींच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो हात तसाच राहिला.

उमाबाई अंथरुणावरून म्हणायच्या, "जरा बसा ना इथं." गुरुजी म्हणत, "औषध घेतलंस ना? पूजा व्हायची आहे." औषधाची एकही वेळ त्यांनी चुकवली नव्हती. बसणे तेवढे राहून गेले होते.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. न्हाणीच्या ओल्या जमिनीवर ते तसेच बसले आणि ती मातीने भरलेली कुत्री त्यांनी धुतलेल्या धोतरावर घेतली. किती वेळ, ते त्यांनाही कळले नाही. केव्हातरी तिचे कापणे थांबले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजी आंघोळ न करता घराबाहेर पडले. मळ्याच्या बांधावर भिंगरी पुढे सुटली आणि ते धापा टाकीत मागे. परत आले तेव्हा दोघांचे पाय चिखलाने भरले होते. गुरुजींनी आपले स्नान केले. भिंगरीला फडक्याने नुसते पुसले. त्या दिवशी चाळीस वर्षांत प्रथमच देवांना पूजेची वाट पाहावी लागली. देव रागावले नाहीत.

उमाबाईंच्या अंथरुणाशेजारची जागा रिकामीच राहिली. तिथे बसायची वेळ निघून गेली होती.

तात्पर्य: आपल्या सोयीचे तेच दुसऱ्याला देणे ही सेवा नव्हे, ती स्वतःचीच पूजा होय. ज्याला जे हवे ते, तो आहे तोवर द्यावे.