थंडीची डबी

“फिल्टर बदलला, सायलेन्सर बदलला, ही डबी पण बसवली... तरी घाटात ओढत नाही. आता काय राहिलं, वस्ताद?”

दस्तगीर वस्ताद मोटरसायकलभोवती फिरत होते. सावकाश, बाजारात बैल बघावा तसे.

दिग्विजय घड्याळ बघत उभा होता. आंबा घाटाच्या वाटेवर, मलकापूरच्या अलीकडं वस्तादांचं पत्र्याचं गॅरेज. मे महिन्याची दुपार. पत्रा तापून तडतडत होता. वीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या दोन सुट्ट्या दिग्विजयनं इथंच पाने-पकडी उचलण्यात घालवल्या होत्या. आता तो कागलला कारखान्यात इंजिनीअर होता, आणि वस्तादांना कार्ब्युरेटरच्या पुढचं काही कळत असेल यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. तरी आला होता. बाकीचे सगळे दरवाजे वाजवून झाले होते.

रविवारी त्याच्या ग्रुपच्या सहा गाड्या हिमालयात, स्पितीला निघणार होत्या. मार्चमध्ये सगळ्यांनी मिळून हाच घाट चढून बघितला, तेव्हा दिग्विजय वर पोचला तो बाकीच्यांचा दुसरा चहा संपल्यावर. कुणीतरी हसलं. त्यानंही हसून सांगून टाकलं, “डबल सीट आहे राव. मागं वजन असलं की गाडी दमते.”

मागचं वजन म्हणजे त्याची बायको स्वरूपा. तेव्हा ती शेजारीच उभी होती, हेल्मेट काढत. आजही बरोबर आली होती.

ग्रुपनं ठरवलं, बरोबरीनं चालायचं, नाहीतर मागं कुणाला न बसवता एकट्यानं यायचं. स्वरूपानं कधी बर्फ बघितला नव्हता. बँकेत रजा टाकली होती, जाकीट आणलं होतं. पण आज गाडी सुधारली नाही तर तिनं घरी राहायचं, हे दोघांनी ठरवलं होतं. म्हणजे दिग्विजयनं ठरवलं होतं, आणि ती ‘बरं’ म्हणाली होती.

“जेवण झालं?” वस्तादांनी विचारलं.

“वस्ताद, आधी गाडीचं...”

“गाडी कुठं पळून चाललीया? बसा.”

गॅरेजमागं फणसाच्या सावलीत वस्तादांनी फडकं सोडलं. भाकरी, झुणका, कांदा. एक आख्खी भाकरी त्यांनी स्वरूपापुढं केली. तिनं चतकोर मोडून घेतली, उरलेली परत ठेवली.

“बास, चाचा.”

“एवढ्यात चिमणी तरी जेवंल का? बरं न्हाई व्हय गं?”

“बरी आहे की. वजन उतरवतेय. सहा किलो झालं.” तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. “दोघांना घेऊन गाडी चढत नाही ना... रविवारपर्यंत अजून एखादा किलो उतरतोय का बघते.”

वस्तादांनी दिग्विजयकडं बघितलं.

दिग्विजय फोडलेला कांदा पुन्हा फोडत होता.

वस्तादांनी उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली, बाजूला ठेवली आणि ते गाडीकडं गेले.

“ही डबी काय करती?”

याची तर दिग्विजय वाटच बघत होता. “इंजेक्शनच्या गाडीला मेंदू असतो, वस्ताद. हवा गरम आहे का गार, हे एक सेन्सर त्याला सांगतो. हवा गार असली की मेंदू पेट्रोल वाढवतो. ही डबी मधे बसते आणि सांगत राहते, हवा गार आहे. कायम.”

“आणि त्यो ऐकतो?”

“ऐकणारच. त्याला दुसरं सांगणारं आहे कोण?”

“म्हंजे आज, ह्या पत्र्याखाली...”

“त्याच्या लेखी थंडी!” दिग्विजय हसला. “स्वस्तात काम झालं.”

असल्या डब्या विकणाऱ्यांचा हल्ली मोबाइलवर सुळसुळाट झालाय. दहा टक्के पॉवर, वीस टक्के पॉवर, असं घसा फोडून ओरडतात. त्यातल्या एकानंही डबी लावून, बायको मागं बसवून घाट चढून दाखवलेला नाही.

वस्तादांनी प्लग सोडवून तळहातावर घेतला. जादा पेट्रोलच्या काजळीनं काळाकुट्ट झाला होता.

ते आत गेले. येताना घोंगडी घेऊन आले. ती त्यांनी दिग्विजयच्या खांद्यांवर टाकली आणि गळ्यापाशी घट्ट ओढली.

“हे काय?”

“थंडी हाय.”

“वस्ताद, मे महिना आहे...”

“मी सांगतोय न्हवं? थंडी हाय. बस.”

दिग्विजय बसला. वीस वर्षं झाली तरी या माणसानं ‘बस’ म्हटल्यावर त्याला उभं राहता येत नव्हतं.

वस्ताद प्लग साफ करू लागले. त्यांना कसलीच घाई नव्हती. दिग्विजयच्या मानेवरून घामाची धार उतरली. मग पाठीवरून. लोकर टोचत होती...

“किती दिस झालं डबी लावून?”

“अकरा.”

“त्या मेंदूनं अकरा दिस काढलं. एक तक्रार न्हाई.”

...

वस्ताद मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. टायर मधोमध झिजून सपाट झालं होतं. दोन्ही कडांना मात्र नव्या रबराचे केस तसेच होते. वस्तादांनी त्यांवरून बोट फिरवलं. मग ब्रेकच्या पॅडवरून. पॅड संपत आले होते.

वळणावर गाडी कलली की टायरची कड झिजते. ब्रेक दाबत दाबत वळणं घेणाऱ्याची कड कोरी राहते. हे दिग्विजयला याच माणसानं, याच फरशीवर बसून शिकवलं होतं.

“कुठं पडला हुतास?”

दिग्विजयनं टायरच्या कोऱ्या कडेकडं बघितलं.

“गगनबावड्याला. गेल्या पावसाळ्यात. एकटाच होतो. लागलं काही नाही... पण तेव्हापासून वळण दिसलं की हात ब्रेकवर जातो, वस्ताद. प्रत्येक वळणाला.”

“तिला म्हाईत हाय?”

“नाही.”

वस्तादांनी पुन्हा प्लग हातात घेतला.

फणसाखाली स्वरूपा हेल्मेटची काच पुसत होती. स्वतःची पुसून झाली, तशी तिनं त्याची घेतली.

दिग्विजय उठला. घोंगडी काढायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. तसाच तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

“स्वरूपा... गाडीला काही झालेलं नव्हतं. वजनाचं पण काही नाही. मी घाबरतो. वळणाला. गेल्या वर्षी पडलो होतो, तेव्हापासून.”

तिनं काच पुसणं थांबवलं नाही.

“माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? तुमच्या कमरेला धरून बसते मी. वळण आलं की तुमची पाठ लाकडासारखी होते.”

“मग बोलली का नाहीस? सहा किलो...”

“तुमच्या पाठीचं मला काही करता येत नव्हतं,” ती म्हणाली. “भाकरीचं येत होतं.”

...

दिग्विजय खाली बसला. घोंगडीच्या टोकानं त्यानं तोंड पुसलं. घाम होता तसं डोळ्यांतही पाणी होतं.

“आणि हे काय पांघरलंय उन्हात?”

“थंडी आहे. वस्तादांनी सांगितलं.”

“आणि तुम्ही ऐकलंत?” ती हसायला लागली. मग तोही हसला.

वस्ताद कधी आले ते दोघांनाही कळलं नाही. त्यांनी फडकं तिच्यापुढं ठेवलं आणि परत गेले. तिनं दिग्विजयकडं एकदा बघितलं. मग झुणका लावून उरलेली सगळी भाकरी खाल्ली.

गाडी तयार होती. प्लग बसला होता, तारा जागच्या जागी जोडल्या होत्या, पॅडही नवे होते. वस्तादांनी काढलेली डबी दिग्विजयच्या हातावर ठेवली. त्यानं ती कोपऱ्यातल्या भंगाराच्या पिंपात टाकली आणि गाडी चालू केली. गाडी साधीच वाजली, पण स्वच्छ.

“रविवारी आम्ही दोघं जाणार, वस्ताद. सगळ्यांच्या मागं राहू. ग्रुपला जमत नसेल तर दोघंच जाऊ.” तो थांबला. “वळणाला भीती मात्र वाटणारच...”

वस्तादांनी होकारार्थी मान हलवली.

स्वरूपा मागं बसली. तिनं घोंगडीची नीट घडी केली आणि पुढं धरली.

“चाचा, तुमची घोंगडी.”

वस्तादांनी ती घेतली. तिच्या सीटमागं ठेवली, रबरी पट्टा दोनदा गुंडाळून आवळला आणि ओढून बघितला.

“ऱ्हाऊ दे, पोरी. तिथं खरंच थंडी असती.”